जर्मनीत ट्रक चालवायला येताय? टॅकोग्राफ, विश्रांतीचे नियम आणि झोप यांची नवख्यांसाठी ओळख

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल कामगारांबाबत करार झाला. तेव्हापासून ओळखीपाळखीतले ड्रायव्हर फोन करून विचारतात. गाडी कोणती मिळते, रस्ते कसे आहेत, हातात किती पडतात, हे सगळे विचारतात. कामाच्या तासांबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि इथे आल्यावर माणूस पहिला अडकतो तो नेमका तिथेच.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय लवकर होते. गाडी कधी थांबवायची, ही सवय व्हायला वेळ लागतो. आपल्याकडे ट्रिप संपली की विश्रांती. इथे विश्रांतीची वेळ झाली की ट्रिप थांबते, मग माल पोचायला वीस किलोमीटर उरलेले का असेनात.

खाली लिहिलंय ते ३.५ टनांवरच्या मालवाहू गाड्यांबद्दल, जर्मनीतल्या कंपनीत नोकरी आहे असं धरून. मूळ नियम युरोपीय संघाचा आहे, क्रमांक ५६१/२००६. त्यामुळे पोलंड, फ्रान्स, नेदरलँड्समध्ये गेलात तरी आकडे हेच. १ जुलै २०२६ पासून देशाबाहेर माल नेणाऱ्या २.५ टनांवरच्या व्हॅनही या नियमात येतात, तेव्हा 'आपली गाडी छोटी आहे' म्हणून हे वाचायचं टाळू नका.

१. स्टिअरिंगला हात लावण्याआधी हे जवळ हवं

- सी (जड ट्रक) किंवा सीई (ट्रेलरसह जड ट्रक) वर्गाचं लायसन्स. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे जर्मन लायसन्ससाठी लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. 'तिकडे गेल्यावर नुसतं बदलून मिळतं' असं सांगणाऱ्या एजंटकडून उठून या.
- व्यावसायिक ड्रायव्हरची पात्रता, म्हणजे कोड ९५. जर्मनीत याचं वेगळं कार्ड मिळतं. ते टिकवायला दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.
- टॅकोग्राफचं, म्हणजे चालवण्याचे आणि थांबण्याचे तास नोंदवणाऱ्या गाडीतल्या यंत्राचं, ड्रायव्हर कार्ड, जर्मनीत फारेरकार्टे. मुदत पाच वर्षं.
- तुम्ही युरोपीय संघाबाहेरचे नागरिक असाल आणि दुसऱ्या देशात माल नेणार असाल, तर ड्रायव्हर प्रमाणपत्र. ते कंपनी काढते, मूळ प्रत गाडीत तुमच्याजवळ असावी लागते.
- पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना.
- टॅकोग्राफच्या प्रिंटरचा एक जादा रोल आणि चालणारं पेन. हसू नका, पेन लागतंच.

कार्ड एका माणसाचं एकच असतं आणि ते फक्त त्यानेच वापरायचं. 'माझे तास संपले, तुझं कार्ड घाल' ही युक्ती कोणी सुचवली तर ती मदत समजू नका. ही चूक नव्हे, फसवणूक धरली जाते.

२. टॅकोग्राफची चार चिन्हं ओळखा

स्टिअरिंग म्हणजे गाडी चालवणं. एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे म्हणजे इतर काम: लोडिंग, अनलोडिंग, डिझेल भरणं, गाडीची तपासणी. तिरपी रेघ मारलेला चौकोन म्हणजे हजर पण काम नाही. पलंग म्हणजे विश्रांती.

गाडी हलली की यंत्र आपोआप स्टिअरिंगवर जातं. थांबली की ते पलंगावर जात नाही, हातोड्यांवर जातं. नवख्यांचा सर्वांत महागडा घोटाळा हाच. गाडी लावली, पडदे ओढले, पाऊण तास झोपलात, आणि यंत्राने पाऊण तास काम नोंदवलं. ब्रेक घेतला असूनही घेतलेला नाही! काही गाड्यांत चावी बंद केली की पलंग लागेल अशी सोय केलेली असते, काहींत नसते. गाडी बदलली की पहिल्याच थांब्यावर स्क्रीन बघा.

सकाळी कार्ड आत घातलं की यंत्र विचारतं, मधल्या वेळात काय करत होतात? घाईत 'नाही' दाबून पुढे जाऊ नका. ती वेळ प्रश्नचिन्ह म्हणून राहते आणि पुढे तपासणीत तिचा हिशेब तुम्हालाच द्यावा लागतो. घरी होतात तर पलंग भरा, गोदामात काम केलंत तर हातोडे. सुरुवातीचा आणि दिवस संपल्यावरचा देशही भरायचा असतो. सीमा ओलांडली तर पलीकडच्या पहिल्या थांब्यावर नव्या देशाची नोंद करायची. २१ ऑगस्ट २०२३ नंतर नोंदणी झालेल्या नव्या गाड्यांत दुसऱ्या पिढीचा स्मार्ट टॅकोग्राफ असतो, तो सीमेची नोंद स्वतः करतो. जुन्या यंत्रात विसरलात तर दंड.

आणखी एक गोंधळ घड्याळाचा. यंत्राची नोंद जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये होते. जर्मनी त्यापुढे हिवाळ्यात एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास असते. स्क्रीनवर सहा वाजलेले आणि प्रिंटआउटवर चार, असं दिसलं तर यंत्र बिघडलेलं नाही.

३. आकडे पाठ करा, पण खिडकी समजून घ्या

- सलग साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांचा ब्रेक.
- दिवसाला ९ तास चालवणं. आठवड्यातून दोनदा १० तास चालतं.
- आठवड्याला जास्तीत जास्त ५६ तास, लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०. आठवडा सोमवारी ००:०० ला सुरू होतो.
- रोजची विश्रांती ११ तास. दोन साप्ताहिक विश्रांतींच्या मध्ये तीनदा ती ९ तासांवर आणता येते.
- साप्ताहिक विश्रांती ४५ तास. ती २४ पर्यंत कमी करता येते, पण कमी केलेले तास त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत एकत्र भरून द्यावे लागतात.

आकडे दोन दिवसांत पाठ होतात. लोक चुकतात ते चोवीस तासांच्या खिडकीत. तुमचा दिवस सुरू झाला त्या क्षणापासून २४ तासांच्या आत रोजची विश्रांती पूर्ण झालेली असली पाहिजे. पहाटे पाचला निघालात, तर ११ तास पूर्ण व्हायला संध्याकाळी सहाला थांबणं भाग आहे. ९ तासांची विश्रांती वापरायची असेल तर रात्री आठला. मध्ये तुम्ही फक्त पाच तास चालवलंत आणि सहा तास गोदामाच्या दारात ताटकळलात, तरी खिडकी सरकत नाही. 'माझे अजून चार तास बाकी आहेत' असं म्हणणाऱ्या नवख्याचे चालवण्याचे तास खरंच बाकी असतात, दिवस मात्र संपलेला असतो.

यावर पूर्ण कामाचा वेगळा हिशेब आहे, कारण हातोडेही मोजले जातात. चालवणं आणि इतर काम मिळून एखाद्या आठवड्यात ६० तासांच्या वर जाता येत नाही आणि चार महिन्यांची सरासरी ४८ च्या आत हवी. गाडी फारशी चालवली नाही, नुसतं काम केलं, तरी सलग सहा तासांच्या वर ब्रेकशिवाय काम चालत नाही.

४. पंचेचाळीस मिनिटांतले खड्डे

ब्रेकचे दोन तुकडे करता येतात: आधी किमान १५ मिनिटं, नंतर किमान ३०. क्रम हाच. उलटा केलात, आधी ३० आणि मग १५, तर ते ४५ होत नाहीत. पहिले ३० हा पहिला तुकडा धरला जातो आणि दुसरा ३० चा तुकडा बाकीच राहतो. १४ मिनिटं थांबलात तर त्याला काहीच किंमत नाही. म्हणून ४५ च्या जागी ४७-४८ घ्यायची सवय लावा. एका मिनिटासाठी साडेचार तासांचा हिशेब बिघडवण्यात अर्थ नाही.

ब्रेक चालू असताना गोदामवाला येऊन म्हणतो, जरा गाडी पुढे घे. घेतलीत की ब्रेक मोडला. त्यामुळे रॅम्पच्या रांगेत ब्रेक लावूच नये. आत जाण्याआधी नाहीतर बाहेर पडल्यावर लावा. पलंग दाबून पॅलेट मोजत उभं राहणं हाही ब्रेक नाही. तपासणाऱ्याच्या हातात लोडिंगच्या सही-वेळेचा कागद असतो, तो टॅकोग्राफशी ताडून बघितला जातो.

ब्रेक कधी घेता यालाही महत्त्व आहे. ४५ मिनिटं पूर्ण झाली की साडेचार तासांचा काटा शून्यावर येतो. दोन तासांतच पूर्ण ब्रेक घेऊन टाकलात तर पुढे साडेचार तासच चालवता येतात, आणि नऊ तास पुरे करायला दुसरा ब्रेक लागतो. पण डोळे मिटायला लागले असतील तर हा हिशेब फेकून द्या आणि थांबा. दुसऱ्या ब्रेकचे ४५ मिनिटं कोणतीही कंपनी सहन करू शकते.

दोन ड्रायव्हर असतील तर नियम वेगळा: ३० तासांच्या आत दोघांची किमान ९-९ तासांची विश्रांती, तीही उभ्या गाडीत. शेजारच्या सीटवर बसलेल्याला चालत्या गाडीत ४५ मिनिटांचा ब्रेक मोजून मिळतो, मात्र त्या वेळात त्याने चालवणाऱ्याला मदत करायची नाही. मागच्या बर्थवर झोपून गाडी चालू ठेवायची आपल्याकडची पद्धत इथे रोजच्या विश्रांतीत धरली जात नाही.

५. दिवस पार्किंगपासून उलटा आखा

नकाशा उघडला की आपण आधी माल कुठे टाकायचा ते बघतो. इथे आधी रात्री गाडी कुठे लावायची ते ठरवा, मग मागे मोजत या.

जर्मन महामार्गांवर ट्रकसाठी जागा कमी पडतात, ही जुनी तक्रार आहे. संध्याकाळ झाली की महामार्गालगतचे थांबे भरायला लागतात आणि उशिरा पोचणारे थांब्याच्या आत-बाहेर जाणाऱ्या पट्ट्यांवर गाड्या लावतात. तिथे लावू नका. दंडाचं सोडा, अंधारात मागून वेगाने आत वळणाऱ्या गाडीला तुमचा ट्रेलर दिसला नाही तर काय होतं याचा विचार करा. महामार्गाच्या एक्झिटवरून बाहेर पडलं की ऑटोहोफ, म्हणजे ट्रकवाल्यांचे खासगी थांबे, असतात. काही ठिकाणी पैसे पडतात, पण आंघोळीची सोय असते आणि जागा मिळण्याची शक्यता जास्त असते. माझा नियम असा की शेवटच्या थांब्याच्या अलीकडे अर्ध्या तासावर एक आणि एका तासावर एक, असे दोन पर्याय लिहून ठेवायचे आणि पहिल्या ठिकाणी जागा दिसली तर मोह न करता लावायची.

यातही एक पेच आहे. जागा मिळावी म्हणून बरेच ड्रायव्हर दुपारी चारलाच थांबतात आणि पहाटे तीनला निघतात. कागदावर सगळं नियमात, पण शरीराला सर्वांत जड जाणारी वेळ नेमकी तीच. मला हे पटत नाही. जमेल तिथे डिस्पोनेंटशी, म्हणजे गाड्यांचं वेळापत्रक लावणाऱ्याशी, बोलून पाचच्या पुढे निघता येईल असं बघा.

काही अनपेक्षित घडलं, अपघाताने रस्ता बंद झाला, तर सुरक्षित जागी पोचण्यापुरती मर्यादा ओलांडायची मुभा नियमात आहे. थांबल्यावर लगेच प्रिंटआउट काढायचा आणि कारण हाताने लिहायचं. (पेन यासाठी.) पण 'पार्किंग मिळालं नाही' हे कारण रोज चालणार नाही, जागा मिळत नाही हे आधीच माहीत होतं, असं उत्तर मिळतं.

रविवार आणि सणाच्या सुट्टीला जर्मनीत ७.५ टनांवरच्या ट्रकना ००:०० ते २२:०० बंदी असते. नाशवंत मालासारखे अपवाद आहेत. शनिवारी रात्री कुठे अडकणार हे शुक्रवारीच बघा. आणि पूर्ण ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये काढायला मनाई आहे. खोलीचा खर्च मालकाने करायचा असतो. तो तुमच्या पगारातून कापला जात असेल तर विचारा.

६. नियम पाळूनही झोप येते

टॅकोग्राफला गाडी उभी होती एवढंच कळतं. तुम्ही झोपलात की मोबाइल बघत पडलात, हे कळत नाही. ९ तासांच्या विश्रांतीतून जेवण, आंघोळ, घरचा फोन आणि सकाळची तयारी वजा केली की झोपायला जेमतेम सहा-साडेसहा तास उरतात. तीनदा परवानगी आहे म्हणून ती लागोपाठ तीन रात्री वापरू नका.

ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. महामार्गावर ट्रकने पुढच्या गाडीपासून ५० मीटर अंतर ठेवायचा जर्मन नियम आहे. म्हणजे तुमच्या आणि पुढच्याच्या मध्ये सव्वादोन सेकंद आहेत. एखादी झापड चार सेकंदांची असली तर गाडी जवळजवळ ९० मीटर ड्रायव्हरविना गेली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.५ प्रति हजार मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे अभ्यासांतून दिसलंय. जर्मनीत सर्वसाधारण मद्यमर्यादाही तेवढीच आहे. झोप येतेय हे कळत असून चालवलं आणि कोणाचा जीव धोक्यात आला, तर तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो.

जांभई ही फार उशिराची खूण. त्याआधीच्या खुणा ओळखा: मागची एक्झिट कधी गेली ते आठवत नाही, पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांवरून नजर हलत नाही, विनाकारण थंडी वाजते, स्टिअरिंगला छोटे छोटे झटके द्यावे लागतात. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत जास्त जपा.

खिडकी उघडणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं याने काही मिनिटं बरं वाटतं, बस. खरा उपाय म्हणजे १५ ते २० मिनिटांची डुलकी. कॉफी प्यायची असेल तर डुलकीच्या आधी प्या. तिचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे जाग येते तेव्हा ती कामाला लागलेली असते. उठल्याउठल्या गाडी सुरू करू नका, पाच-दहा मिनिटं चाला.

केबिनमधल्या झोपेसाठी दोन गोष्टी. शीतगृहाच्या ट्रेलरशेजारी गाडी लावू नका, त्याचं यंत्र रात्रभर चालू-बंद होत राहतं. आणि घरच्यांना वेळेचा फरक समजावून सांगा. भारतात सकाळचे सात वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात. आईने प्रेमाने केलेला फोन तुमची झोप मोडतो. फोन सायलेंटवर टाका, तातडीसाठी एकच नंबर वाजू द्या.

पुरेशी झोप घेऊनही दिवसभर पेंग येत असेल, घोरण्याबद्दल कोणी सांगितलं असेल, तर झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराची तपासणी करून घ्या. उपचार चालू असतील आणि आजार आटोक्यात असेल तर लायसन्स राहू शकतं. लपवण्यात काही हशील नाही.

७. गाडीतली यंत्रं काय करतात आणि काय नाही

नव्या जड ट्रकना २०१५ च्या नोव्हेंबरपासून आपत्कालीन स्वयंचलित ब्रेक आणि लेन सुटल्याचा इशारा सक्तीचा आहे. जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांत पेंग ओळखणारी यंत्रणाही असते. ती बहुधा तुमच्या स्टिअरिंगच्या हालचालींवरून आणि लेनमधल्या हेलकाव्यांवरून अंदाज बांधते आणि कॉफीच्या कपाचं चित्र दाखवते. तिच्याकडून ताशी ७० च्या वरच्या वेगातच काम अपेक्षित आहे. गावातल्या रस्त्यावर, रांगेत, ६० च्या मार्गावर ती गप्प राहील, आणि गप्प आहे म्हणजे तुम्ही ताजेतवाने आहात असं नाही. कपाचं चित्र एकदा आलं की पुढचा थांबा घ्या. चित्र घालवायचं बटण दाबून पुढे जाणारे मी बरेच पाहिलेत.

आपत्कालीन ब्रेक लागत असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टिअरिंग झटक्यात वळवलं, तर बहुतेक गाड्या 'ड्रायव्हरने ताबा घेतला' असं समजून ब्रेक सोडतात. दचकून जागा झालेला माणूस नेमकं हेच करतो. नवी गाडी मिळाली की तिच्या पुस्तकात हा भाग आधी वाचा. रस्त्याचं काम चालू असेल तिथे जुन्या पांढऱ्या आणि तात्पुरत्या पिवळ्या, दोन्ही रेघा असतात. लेनची यंत्रणा तिथे गोंधळते.

उजवीकडे वळताना सायकलस्वार दाखवणारा सेन्सर असला तरी शहरात, सायकली किंवा पादचारी येण्याची शक्यता असेल तिथे, ३.५ टनांवरच्या गाडीने चालत्या माणसाच्या वेगाने वळायचं, हा २०२० पासूनचा नियम आहे.

कारखान्यातून बसवून येणाऱ्या पेंग ओळखण्याच्या यंत्रणेला तुमची माहिती साठवून बाहेर पाठवायची परवानगी नाही. कंपनीने नंतर लावलेला केबिनमधला कॅमेरा ही वेगळी गोष्ट आहे. त्यात काय साठतं आणि कोण बघतं, हे करारावर सही करण्याआधी विचारा.

८. तपासणी, दबाव आणि हरवलेलं कार्ड

रस्त्यात पोलीस किंवा बीएएलएम या मालवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय कार्यालयाची माणसं थांबवतात. ३१ डिसेंबर २०२४ पासून त्या दिवसाची आणि मागच्या ५६ दिवसांची नोंद बघता येते. स्मार्ट टॅकोग्राफमधली काही माहिती त्यांना गाडी न थांबवताही लांबून वाचता येते, तेव्हा ज्याला थांबवलं तो बहुधा उगाच थांबवलेला नसतो. विचारलं तेवढंच सांगा, कार्ड आणि प्रिंटआउट द्या, समजली नाही अशा कागदावर सही करू नका. दंड ड्रायव्हरलाही होतो, कंपनीलाही.

डिस्पोनेंट फोनवर म्हणतो, अजून अर्ध्या तासाचं काम आहे, जा. भांडू नका. उरलेले चालवण्याचे तास आणि थांबायची शेवटची वेळ लिहून मेसेज पाठवा आणि सूचना लेखी मागा. सूचना लेखी मागितली की ती बहुतेक वेळा येतच नाही. किलोमीटरवर किंवा लवकर पोचवण्यावर बोनस असेल आणि त्यामुळे नियम मोडायचा मोह होत असेल, तर असा बोनस त्याच ५६१/२००६ मध्ये निषिद्ध आहे. नोकरीच्या करारात अशी ओळ दिसली तर कंपनी कशी आहे ते तिथेच समजा.

कार्ड हरवलं किंवा बिघडलं तर सात दिवसांच्या आत नव्यासाठी अर्ज करा. कार्डाशिवाय जास्तीत जास्त १५ दिवस चालवता येतं. त्या काळात रोज निघताना आणि दिवस संपताना प्रिंटआउट काढायचा, त्यावर नाव, कार्ड किंवा लायसन्सचा क्रमांक आणि सही करायची, यंत्राने न नोंदवलेलं इतर काम हाताने लिहायचं. कार्ड चोरीला गेलं असेल तर आधी त्या भागातल्या पोलिसांकडे तक्रार नोंदवा आणि तिची प्रत गाडीत ठेवा.